पाईपात उरलेला पाक

माझ्या मेव्हण्याला सगळा कारखाना 'थांबा' म्हणायचा. खरं नाव हजेरीवाल्याला ठाऊक असलं तर असेल. पाईपातून पाक काढून झाला, धार बारीक होऊन नुसते थेंब पडायला लागले, की बाकीचे म्हणायचे, "झालं, करा बंद!" आणि हा हात वर करून म्हणायचा, "थांबा, अजून येतंय." वर्षानुवर्षं हेच. मग काय, नाव पडलंच. कामावर नवीन लागलेले लोक मुद्दाम विचारायचे, "थांबाभाऊ, तुमच्यापाशी बस कधी येते?" तो आपला हसायचा. रागवायचं म्हणून त्याला माहीतच नाही. त्याच्या वाट्याचा रागही मलाच मिळालाय, असं आमची ही म्हणते. ही म्हणजे माझी बायको, त्याची थोरली बहीण. ती काही अगदीच खोटं बोलत नाही.

आमचा कारखाना ग्लुकोजच्या पाकाचा. बिस्किटवाल्यांना, औषधवाल्यांना लागतो तो घट्ट, काचेसारखा स्वच्छ पाक. मी तिथे स्टोअरमध्ये. वॉशर द्या, हातमोजे द्या, बल्ब द्या, दिवसभर लोकांची तोंडं बघायची. ही भरणी विभागात, पाक भरलेल्या गरम बाटल्यांना झाकणं लावायची. आणि थांबा लाईनवर. अख्खं घरच पाकात बुडालेलं म्हणा ना!

आता पाक म्हणजे काही पाणी नव्हे. पाण्याचा नळ सोडला, पाणी गेलं, विषय संपला. पाक म्हणजे दारात उभा राहून तासभर गप्पा मारणारा पाहुणा. निघतो निघतो म्हणतो आणि निघत नाही. टाकी रिकामी झाली तरी पाईपाच्या आतल्या अंगाला थर धरून राहतो, पाईप वळतो तिथल्या बेंडमध्ये डबकं करून बसतो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. त्याच पाईपातून पुढचा पाक सोडायचा असतो, कधी औषधवाल्यांचा पातळ, कधी बिस्किटवाल्यांचा घट्ट. एकाचा दुसऱ्यात गेला की माल नापास. म्हणून आत किती उरलंय ते आधी कळावं लागतं. त्या मानानं धुवायचं पाणी सोडायचं, त्या मानानं सुरुवातीचा माल बाजूला काढायचा. आणि कारखाना काही दिवस बंद राहणार असेल, तर आत काही ठेवूनच चालत नाही. गार पडून बसला की दगड झाला समजा.

तर हे किती उरलंय ते सांगायचं काम थांबाचं.

तो कसं सांगायचा, ते मी कितीदा तरी बघितलंय. खालचा कॉक उघडून तिथे उकिडवा बसायचा. धार किती वेळात तुटते, थेंब किती लांबतो, सुटायला किती कुरकुरतो, ते बघत राहायचा. मग थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पाईपाच्या खालच्या अंगानं तळवा फिरवत चालायला लागायचा. रिकामा पाईप लवकर निवतो. जिथे आत पाक असतो तिथे ऊब धरून राहते. डॉक्टर पोट दाबून बघतात ना, तसं त्याचं चाललेलं असायचं. मग उठून गुडघे झटकायचा आणि सांगायचा, "दीड बादली." कधी "पाऊण बादली, पण दुसऱ्या बेंडात जास्त आहे." झालं, तेवढंच बोलायचं. पुन्हा मुका.

त्याचं लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, काम काय करता? हा म्हणाला, "पाईपात किती उरलंय ते बघतो." त्यांना वाटलं, थट्टा करतोय. मी मध्ये पडून समजावायला गेलो, "अहो, फार जबाबदारीचं काम आहे ते," तर मामा माझ्याकडेच संशयानं बघायला लागले. त्या दिवसापासून तो आमच्या बाहेरच्या खोलीत राहिला तो राहिलाच. खाट, एक ट्रंक आणि खिडकीत औषधाच्या दोनचार रिकाम्या बाटल्या उपड्या करून ठेवलेल्या. आमच्या घरात आजवर तेलाची बाटली संपली म्हणून टाकली गेलेली नाही. आधी त्याच्या खिडकीत उपडी उभी राहायची, मग कचऱ्यात जायची.

मधल्या काळात कारखान्यात लॅबवाल्या मॅडम आल्या. शिकलेल्या, हुशार, पण डोक्यात हवा नाही. पाईपाची लांबी, आतली रुंदी, पाक किती घट्ट, किती गरम, निथळायला किती वेळ दिला, असं सगळं मांडून त्या हिशेब करायच्या आणि धुतलेल्या पाण्याची गोडी यंत्रावर मोजून तो ताडून बघायच्या. मला वाटलं, झालं, आता थांबाची सद्दी संपली. पण दोघांचं छान जमलं. त्या विचारायच्या, "तुमचं काय येतं?" हा म्हणायचा, "सव्वा बादली." त्या कागद दाखवून म्हणायच्या, "माझंही तेच." हा इतका खूश व्हायचा, की घरी येऊन जेवताना दोनदा सांगायचा. माझे कान किटायचे.

पुढचं मला सगळं फार उशिरा कळलं. माझ्याच घरात शिजत होतं आणि मला पत्ता नाही! पण सांगायला बसलोय तर क्रमानंच सांगतो.

थांबाला साखर निघाली. पाकाच्या कारखान्यात जन्म काढल्यावर दुसरं काय निघणार, असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि सगळे हसले होते. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर बंद झाली, मला वाटलं मिटलं. पण आधी पायांची बोटं बधिर झाली, मग हातांची. एकदा हिनं बघितलं, तो गॅसवरचं दूध उघड्या हातानं उतरवतोय. शांतपणे. पातेलं खाली ठेवलं, साय बाजूला केली, आणि बोटं लाल झालीत हे त्याला दिसल्यावर कळलं. ही ओरडणार तोच त्यानं तिच्यापुढे हात जोडले.

"ताई, दाजींना सांगू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

"अरे, पण तू त्या गरम लाईनवर..."

"तेच म्हणतोय. कळलं तर मला तिथून काढतील. मग मी सकाळी उठायचं कशासाठी, सांग ना?"

कारखान्याचा नियम आहे, हाताला जाणीव नसलेला माणूस गरम लाईनवर ठेवायचा नाही. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण थांबाला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या लाईनवरून उठला की तो कुणीच नव्हता. बहिणीला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं शपथ घेतली.

आणि दोघांनी मिळून काय केलं माहीत आहे? चहाच्या सुट्टीत ही पटांगण ओलांडून लाईनवर जायला लागली. मला वाटायचं, भावाला बिनसाखरेचा चहा नेऊन देतेय. वरून मी टोमणेही मारायचो, "नवऱ्याला कधी विचारलंस का चहाचं?" ती चहा घेऊन चालायला लागायची. तिथे जाऊन ती पाईपावर हात फिरवायची आणि तो शेजारी उभा राहून हळूच विचारायचा, "किती?" ही सांगायची, "आत्ताच इस्त्री केलेल्या शर्टाएवढा." किंवा, "कपात राहून गेलेल्या चहाएवढा." "तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळाएवढा." तो ते मनात मांडायचा आणि उठून सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. हात बहिणीचा, आकडा भावाचा. बरेच महिने हे चाललं. कुणाला संशय आला नाही, निदान या दोघांना तरी तसंच वाटत होतं.

मग कारखाना दुरुस्तीसाठी बंद राहायची वेळ आली. शेवटच्या दिवशी सगळ्या लाईनी निथळायच्या, धुवायच्या आणि मोकळ्या ठेवायच्या. त्या दिवशी गोंधळ विचारू नका. माझ्या स्टोअरसमोर रांग, प्रत्येकाला सगळं आत्ताच्या आत्ता हवं. लॅबवाल्या मॅडम रजेवर होत्या. सुपरवायझर थांबाला म्हणाला, "तू बघ आणि सांग, तू सांगशील तेवढंच पाणी सोडतो. बॉयलर थंड करायचाय." आमची ही गर्दीतून कशीबशी जाऊन मोठ्या लाईनवर हात फिरवून आली. "गार पडलाय," म्हणाली, "सगळीकडे गार. कुठे काही नाही." थांबानं सांगितलं, "पाव बादली. एकदा धुतलं की पुरे." एकदाच धुतलं. कुलूप लागलं.

कारखाना उघडला त्या दिवशी पंप सुरू केला आणि तो नुसता घरघरायला लागला. पाक पुढे सरकेना. आत कुठेतरी दगड बसला होता. फिटर म्हणाले, नक्की कुठे ते कळलं तर तेवढाच तुकडा खोलू, नाहीतर अख्खी लाईन उतरवावी लागेल. सुपरवायझरनं पाईपाला गुंडाळलेल्या नळीत वाफ सोडायला लावली. बाकीचा पाईप पटकन तापेल, जिथे आत पाक बसलाय तिथे गार राहील, असा त्याचा हिशेब. मग हाक मारली, "थांबा, ये रे. कुठे अडलंय सांग."

मी तिथेच होतो. पॅकिंगचे रबर घेऊन आलो होतो. थांबा पुढे आला आणि आधी भरणी विभागाच्या दाराकडे बघायला लागला. मला तेव्हा काही कळलं नाही. मी आपला वैतागून म्हणालो, "अरे, तिकडे काय बघतोस, पाईप इकडे आहे!" लोक हसले. भरणी विभाग त्या दिवशी सुरूच व्हायचा होता, बायकांना दुसऱ्या मजल्यावर झाडलोट करायला पाठवलं होतं. हिला खबरच नव्हती.

तो चालायला लागला. पाईपाला जिथे आवरण नव्हतं तिथे बोटं टेकवायची, काढायची, पुढे जायचं. चेहऱ्यावर नेहमीचंच, काहीतरी ऐकत असल्यासारखं. पहिला बेंड गेला. दुसऱ्या बेंडपाशी थांबला. वाफ आत येते ती जागा तिथून हातभरावर. त्यानं बोटं टेकवली, मग सगळा तळवा नीट टेकवला, दुसऱ्या हातानं आम्हाला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "इथे. हे बघा, इथे गार आहे."

आम्ही सगळे त्याच्या हाताकडे बघत होतो. तो आमच्याकडे बघून हसला, "या की, हात लावून बघा." तळवा तसाच पाईपावर. मग वास आला. फिटर ओरडला, "अरे, ओढा त्याला!" मी हातातलं टाकून धावलो आणि त्याचा दंड धरून त्याला मागे खेचलं. तळव्याची कातडी पाईपावर राहिली. तो माझ्यावरच चिडला. आयुष्यात पहिल्यांदा. "दाजी, काय करताय? मोजत होतो ना मी!"

मग त्यानं आपला हात बघितला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. लोक कुजबुजायला लागले होते. त्यानं हात मागे लपवला. त्याचं तोंड मला आजही बघवत नाही.

प्रथमोपचाराच्या खोलीबाहेर लॅबवाल्या मॅडम भेटल्या. त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, "मला वाटत होतंच, त्यांना काहीतरी झालंय म्हणून. मागच्या वर्षापासून त्यांचा आकडा जुळेना. सारखा कमी यायचा."

"मग?"

"मग काय, मी माझाच आकडा द्यायचे. त्यांना विचारायचे, मान हलवायचे आणि माझा द्यायचे. सुपरवायझरलाही माहीत होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललो नाही. त्या एका दिवशी मी नव्हते हो, आणि सुपरवायझरही घाईत विसरला. आणि आज मी लॅबमधून यायच्या आत त्यानं सवयीनं त्यांनाच हाक मारली."

माझं डोकंच फिरलं. त्या बाईवर ओरडलो मी. म्हणालो, "सगळे त्याला जपत होता तुम्ही! जपून जपून हात जाळलात त्याचा!" ती बिचारी मुकाट ऐकून घेत उभी राहिली. ओरडून झाल्यावर मलाच लाज वाटली. तिचं काय चुकलं होतं? विचारायला हवं ते कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. तो अडकलेला पाक पुढे तिसऱ्या बेंडमध्ये सापडला. तिनंच कागदावर मांडून सांगितलं, फिटरनं खोललं तर बरोबर तिथेच.

घरी आल्यावर हिनं मला सगळं सांगितलं. दुधाचं पातेलं, शपथ, इस्त्रीचा शर्ट, सगळं. रडत होती आणि एकच धरून बसली होती. "मी हात लावला होता हो त्या दिवशी. देवाशप्पथ गारच होता. सगळीकडे गार होता. मग आत राहिलंच कसं?"

तिनं नाक पुसलं आणि सवयीनं चहा टाकला. उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, पेला मुठीत धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि बोलतच राहिली, भावाचं लहानपण, आईनं जाताना त्याचा हात हिच्या हातात कसा दिला होता ते. बराच वेळ पेला तिच्या मुठीत. मग माझ्याकडे दिला. मी हातात घेतला आणि चटका बसून सोडूनच दिला. सगळा चहा फरशीवर. ती म्हणाली, "अहो, एवढं काय झालं? कोमट तर होता!"

मी तिच्या तळव्यांकडे बघितलं. गरम बाटल्यांना झाकणं लावून लावून जाड झालेले, गुळगुळीत, पिवळे तळवे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या पाईपानं माझा हात भाजला असता, तो हिला कोमट लागायचा. कोमट असला, तर गार. आणि हा बिचारा तिच्या हातावर भरवसा ठेवून आकडे सांगत होता. फडकं घेऊन फरशी पुसली आणि म्हणालो, "पेला ओला होता, निसटला."

तिला मी अजूनही सांगितलेलं नाही. सांगून काय करू? पाईप गार होता, एवढाच एक आधार तिला आहे.

थांबा बरेच दिवस दवाखान्यात होता. साखरेमुळे जखम भरेना. सुपरवायझर फळं घेऊन आला, खाटेच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "आता आराम कर, कशाची काळजी करू नकोस." कामावर केव्हा येतोस, हे त्यानं विचारलं नाही, आणि जाताना दारात मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, हात वाचला हेच नशीब. बोटांची जाणीव काही परत येणार नाही, आणि पायांचंही आता बघावं लागेल.

त्या संध्याकाळी ही घरी गेली होती आणि मी एकटाच त्याच्याजवळ बसलो होतो. तो छताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "दाजी, लाईन सुरू झाली का?"

"झाली."

"औषधवाल्यांचा माल सोडला?"

"हो, तोच चाललाय."

"मग पाईपात किती उरतंय, ते कोण सांगतं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मॅडम सांगतात, वर्षभर त्याच सांगतायत, तुझा आकडा कुणी घेतच नव्हतं बाबा. तुझ्या बहिणीनं चहाची सुट्टी घालवली, तू घाबरून घाबरून दिवस काढलेस, ते सगळं फुकट गेलं. मी त्याच्याकडे बघितलं. पट्टीत गुंडाळलेला हात त्यानं छातीवर नीट ठेवला होता आणि उत्तराची वाट बघत होता.

"कुणी नाही," मी म्हणालो. "अंदाजपंचे चाललंय सगळं."

"मग माल बिघडत असेल."

"बिघडतोय ना. सुपरवायझरच्या नाकी नऊ आलेत. रोज तुझं विचारतो."

त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. तो कुशीवर वळायला लागला, मी उशी सरकवून दिली.

"त्यांना म्हणावं, थोडे दिवस कसंतरी भागवा," तो म्हणाला. "पट्टी निघाली की येतोच मी."

"सांगतो," मी म्हणालो.